लक्ष कुठे लागते? : व्हिडिओ गेमचे वेड आणि कुमारवयातील अवधान

(बी. ए. भाग २, मानसशास्त्र)

मन चंचल आहे ही तक्रार आजची नाही. अर्जुनाने ती कुरुक्षेत्रावर केली आणि समर्थांनी तर मनाचीच समजूत घालण्यासाठी श्लोक रचले. परंतु अलीकडे ही जुनी तक्रार घरोघरी एका नव्या कारणासह ऐकू येते. "मोबाइलवरच्या खेळाने पोरं बिघडली, त्यांचं अभ्यासात लक्ष लागत नाही," असे पालक म्हणतात, शिक्षक म्हणतात आणि आपणही म्हणतो. हे विधान कितपत खरे आहे? खेळामुळे लक्ष उडते, की ज्याचे लक्ष मुळातच उडालेले असते तो खेळाकडे वळतो? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करण्याचा माझा प्रयत्न आहे. तो केवळ अभ्यासाच्या हौसेने केलेला नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

माझे आईवडील ऊसतोड कामगार आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची टोळी आमच्या बीड जिल्ह्यातील गावातून निघते आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर परतते. मधले पाच-सहा महिने घरात आजी आणि नववीतला धाकटा भाऊ असे दोघेच असतात. मी तालुक्याच्या गावी वसतिगृहात असते. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. गेल्या दसऱ्याला घरी गेले, तेव्हा भावाच्या चाचणी परीक्षेचे गुण अण्णांच्या हातात होते. गणितात २० पैकी ३. अण्णांनी मला जवळ बसवून विचारले, "तू मनाचं शास्त्र शिकतीस ना? मग सांग. तीन तीन तास त्या मोबाइलमधी डोळं घालून बसतंय, तवा बरं लक्ष लागतंय. मग पुस्तकातच का न्हाई लागत? ह्याला शिकायचंच न्हाई. येऊ दे आमच्यासंगं उसाला. अर्धा कोयता तरी होईल."

मला उत्तर देता आले नाही. आई काही बोलली नाही, पण तिने माझ्याकडे पाहिले. त्या वर्षापुरता निर्णय टळला. "पट्टा पडून येऊस्तोवर बघू," असे म्हणून अण्णा गाडीत बसले. मी परत आल्यावर ग्रंथालयात गेले. पुढे जे लिहीत आहे ते अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

अवधानाचे दोन प्रकार

ज्याला आपण व्यवहारात 'लक्ष' म्हणतो त्याला मानसशास्त्रात 'अवधान' ही संज्ञा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या 'प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी' या ग्रंथात अवधानाचे दोन प्रकार मानले आहेत. मोठा आवाज झाला, डोळ्यापुढे काही चमकले, तर आपले लक्ष आपोआप तिकडे जाते. हे अनैच्छिक अवधान. उलट, कंटाळवाण्या वाटणाऱ्या विषयाकडे आपण प्रयत्नाने लक्ष देतो. हे ऐच्छिक अवधान. जेम्स यांनी आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. ऐच्छिक अवधान एका वेळी काही क्षणांपेक्षा अधिक टिकतच नाही. ते निसटते आणि आपण ते पुन्हा माघारी आणतो. ज्याला आपण एकाग्र मनुष्य म्हणतो त्याचेही मन भटकते; फक्त भटकलेले मन परत आणण्याची त्याला सवय असते.

या भेदाच्या प्रकाशात अण्णांच्या प्रश्नाकडे पाहिले, की त्यातील कोडे बरेचसे सुटते. खेळात भावाचे लक्ष 'लागते' असे आपण म्हणतो, पण खरे पाहता ते लावून घेतले जाते. पडद्यावर दर क्षणी हालचाल असते, गोळीचा आवाज येतो, सोबती हाक मारतो. मन जरा ढळले की खेळच त्याला ओढून परत आणतो. पुस्तक असे काही करीत नाही. वर्गमुळाचे उदाहरण मुलाला हाक मारीत नाही. तिथे मन परत आणण्याचे काम मुलालाच करावे लागते, आणि नेमके तेच काम खेळाच्या तीन तासांत त्याला एकदाही करावे लागलेले नसते. म्हणून तीन तास खेळणे हा एकाग्रतेचा पुरावा ठरत नाही. तसेच पुस्तकात लक्ष न लागणे हा आळसाचा किंवा हट्टाचाही पुरावा ठरत नाही.

खेळ सोडवत का नाही?

आम्ही लहानपणी सूरपारंब्या, विटीदांडू खेळायचो. अंधार पडला किंवा आईची हाक आली की खेळ संपत असे. मोबाइलवरील खेळाला अंधार नाही. एक डाव संपला की काही क्षणांत दुसरा सुरू होतो. शिवाय त्यात बक्षिसांची रचना मोठी विलक्षण असते. प्रत्येक डावात बक्षीस मिळत नाही. ते कधी मिळेल हे सांगता येत नाही. बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेले प्रयोग आपण अभ्यासक्रमात शिकतो. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली हे निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. दर ठराविक वेळा चोच मारल्यावर दाणा मिळण्याऐवजी तो अनिश्चित वेळा चोच मारल्यावर मिळू लागला, तर कबूतर न थांबता चोच मारीत राहते. दाणा बंद झाला तरी ते लवकर थांबत नाही. जुगाराचे यंत्र याच तत्त्वावर चालते. बंद पेटीतून काय निघेल या आशेवर मुलाला बसवून ठेवणाऱ्या खेळांतही हेच तत्त्व आहे.

तथापि प्रत्येक खेळणारा मुलगा व्यसनी नसतो, हेही तितकेच खरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाला मे २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि ते १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. त्यात 'गेमिंग डिसॉर्डर' या विकाराचा समावेश आहे. त्याची तीन लक्षणे दिली आहेत : खेळण्यावर स्वतःचा ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अधिकाधिक महत्त्व मिळत जाणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे. हे सामान्यतः किमान १२ महिने चालले असावे आणि त्यामुळे घर, शिक्षण, मैत्री यांत गंभीर बिघाड झालेला असावा, अशी अट आहे. खेळणाऱ्यांपैकी थोड्याच लोकांना हा विकार होतो, असे संघटना स्वतःच सांगते. तेव्हा दोन तास खेळलेल्या मुलाला 'व्यसनी' म्हणून मोकळे होणे शास्त्राला धरून नाही.

आधी काय आणि मागून काय?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. जास्त खेळणाऱ्या मुलांमध्ये अवधानाच्या तक्रारी अधिक आढळतात, हा सहसंबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. पण सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवले जाते. दोन गोष्टी एकत्र आढळल्या, तर पहिलीमुळे दुसरी, दुसरीमुळे पहिली, किंवा तिसऱ्याच कशामुळे दोन्ही, अशा तीन शक्यता उरतात. त्यांतील कोणती खरी हे पाहायचे, तर त्याच मुलांना काही वर्षे तपासत राहावे लागते.

असा एक अभ्यास डग्लस जेंटाईल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंगापूरमध्ये केला आणि तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. ३,०३४ मुलामुलींची माहिती तीन वर्षे घेतली गेली. निष्कर्ष असा, की जी मुले अधिक वेळ खेळत होती त्यांच्या अवधानाच्या तक्रारी पुढे वाढल्या. त्यांच्या आधीच्या तक्रारी हिशेबात धरल्या तरी वाढल्या. परंतु त्याच वेळी, ज्यांच्यात सुरुवातीलाच चंचलपणा व उतावीळपणा अधिक होता ती मुले पुढे अधिक वेळ खेळू लागली. म्हणजे बाण दोन्ही दिशांना जातो. चंचल मूल खेळाकडे ओढले जाते, खेळाने त्याचा चंचलपणा वाढतो, आणि वाढलेला चंचलपणा त्याला पुन्हा खेळाकडे नेतो. घाण्याला जुंपलेल्या बैलासारखे हे फिरणे आहे.

अमेरिकेतील लॉस एंजेलिस परिसरातील १५-१६ वर्षांच्या २,५८७ विद्यार्थ्यांचा दोन वर्षांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. यातील मुलांमध्ये सुरुवातीला अवधान-न्यूनता व अतिचंचलता या विकाराची ठळक लक्षणे नव्हती. मोबाइल-संगणकावरील कोणतीही गोष्ट वारंवार न करणाऱ्यांपैकी सरासरी ४.६ टक्के मुलांमध्ये पुढे तशी लक्षणे दिसली. पाहणीतील सर्व १४ गोष्टी वारंवार करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १०.५ टक्के होते. फरक आहे, पण तो बेताचा आहे. सर्व गोष्टी करणाऱ्या १०० मुलांपैकी सुमारे ९० मुलांमध्ये ही लक्षणे दिसली नाहीत, हे विसरून चालणार नाही.

हे वाचत असताना मला भावाचे पहिलीतले दिवस आठवले. तेव्हा आमच्या घरात साधा मोबाइल होता, खेळ नव्हताच. तरीही हा वर्गातून उठून बाहेर जायचा, पाटी विसरून यायचा, रांगेत उभा राहायचा नाही. अवधान-न्यूनतेच्या विकाराची काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वीच दिसलेली असली पाहिजेत, आणि ती घरी व शाळेत अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसली पाहिजेत, असा २०१३ च्या अमेरिकन निदान-पुस्तिकेचा नियम आहे. माझ्या भावाला हा विकार आहे की नाही हे ठरवण्याचा मला अधिकार नाही. ते डॉक्टरांचे काम आहे. पण 'खेळाने बिघडला' हे वाक्य अपुरे आहे, एवढे मला कळले.

आणि दुसरी गोष्ट, जी लिहिताना हात थबकतो. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा मी नववीत होते. माझ्या ऑनलाइन वर्गासाठी अण्णांनी उचलीतल्या पैशातून मोबाइल घेतला. मला स्वयंपाक करायचा असे, आजीचे गुडघे दुखत. चौथीतला भाऊ एका जागी बसत नसे. त्याने गप्प बसावे म्हणून तो खेळ त्या मोबाइलवर मीच घेऊन दिला. तो खरेच गप्प बसला. मला किती बरे वाटले होते! चंचल मुलाला गप्प करण्याचे एवढे स्वस्त साधन घरात आल्यावर ते आपण सर्वांनीच वापरले, आणि पुढे त्याच साधनाचा दोष त्याच्या माथी मारला.

नाण्याची दुसरी बाजू

अभ्यासकाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ग्रीन आणि बॅव्हेलिअर या संशोधकांनी २००३ साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले, की वेगवान हाणामारीचे व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचे दृष्टीविषयक अवधान न खेळणाऱ्यांपेक्षा सरस असते. इतकेच नव्हे, तर न खेळणाऱ्यांना रोज एक तास याप्रमाणे दहा दिवस असा खेळ खेळायला लावला, तेव्हा त्यांच्यातही सुधारणा झाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तर जून २०२० मध्ये अवधान-न्यूनता असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी उपचार म्हणून एका व्हिडिओ गेमला परवानगी दिली.

मग यात विरोध आहे काय? मला तसे वाटत नाही. पडद्याच्या कोपऱ्यातला शत्रू चटकन टिपणे हे एक कौशल्य आहे. धड्याचे चौथे पान उलटेपर्यंत बसून राहणे हे दुसरे. पहिले वाढले म्हणून दुसरे वाढेल असे नाही. खेळ विषही नाही आणि अमृतही नाही. तो कोणत्या मुलाच्या हाती, किती वेळ आणि कशाच्या बदल्यात पडतो, यावर सारे अवलंबून आहे. रात्री दोनपर्यंत खेळणारा मुलगा झोपेच्या बदल्यात खेळतो, आणि अपुऱ्या झोपेने अवधान ढासळते याविषयी दुमत नाही.

बंदी हा उपाय आहे काय?

दक्षिण कोरियाने २०११ साली १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळांची बंदी केली. २०२२ च्या आरंभी तो कायदा संपुष्टात आला. चीनने २०२१ साली १८ वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार व रविवारी रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा ठेवली. आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये 'पब्जी'वर बंदी आली, तिचे कारण मात्र मुलांचे आरोग्य नसून देशाची सुरक्षितता हे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा झाला, तो स्वागतार्हच आहे. पण 'पब्जी' गेल्यावर आमच्या गल्लीतली मुले आठ दिवसांत दुसऱ्या खेळावर जमली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. खेळ बदलला, सवय तशीच राहिली.

आमच्या घरी तर मोबाइल काढून घेणे शक्यच नव्हते. रात्री आठ वाजता उसाच्या फडावरच्या कोपीतून आईचा फोन येतो, आणि त्या पाच मिनिटांत ती आजीला, भावाला आणि घराच्या भिंतींनाही पाहून घेते. तो मोबाइल फोडून टाका असे सांगणाऱ्याला उसाच्या टोळीचे घर ठाऊक नाही.

म्हणून आम्ही चक्राच्या दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. मी शनिवारी एस.टी.ने घरी जाऊ लागले. भावाला मी रागावले नाही. जेम्स यांचे म्हणणे माझ्या भाषेत सांगितले. मन पळणारच, तू फक्त किती वेळा परत आणलेस ते मोज. तो वहीच्या कडेला रेघा ओढू लागला. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत चौदा रेघा झाल्या. तो खजील झाला, तेव्हा मी म्हटले, "अरे, चौदा वेळा आणलंस की परत!" खेळाला आईच्या फोननंतरचा एक तास ठरवला आणि नऊ वाजता मोबाइल आजीच्या पेटीत. किल्ली आजीच्या कनवटीला.

आणखी एक गोष्ट योगायोगाने कळली. आमच्या चुलत्यांचे विहिरीवरच्या मोटारी रिवाइंडिंग करण्याचे दुकान आहे. भाऊ तिथे रविवारी जाऊन बसतो. तांब्याच्या तारेचे वेढे मोजायचे. मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. तिथे आवाज नाही, बक्षिसाची पेटी नाही, तरीही हा दीड तास मान वर करीत नाही. ज्याला लक्ष देताच येत नाही असे आम्ही समजत होतो, तो वेढे मोजतो! त्याचे ऐच्छिक अवधान मेलेले नाही, ते जागे व्हायला हाताला काम आणि समोर माणूस लागतो. सिंगापूरच्याच मुलांवरील २०११ च्या निबंधात, ज्यांचे इतरांत मिसळणे कमी होते त्यांना खेळाच्या व्यसनाचा धोका अधिक होता असे दिसले. पाच-सहा महिने आईबापाविना राहणाऱ्या मुलाला खेळात चार सोबती भेटतात, ही गोष्ट आम्ही कधी विचारातच घेतली नव्हती.

सर्व काही सुरळीत झाले असे मी लिहिणार नाही. जानेवारीत त्याने पेटीची किल्ली काढून दोन रात्री खेळ केला, आणि आजी आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. सहामाहीत गणितात उत्तीर्ण झाला, इंग्रजीत नाही. दहा मिनिटांची वीस झाली आहेत. याहून अधिक अडचण दिसली, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात त्याला नेण्याचे मी ठरवले आहे. अशा अडचणीत असलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, आणि बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी खास चिकित्सालय आहे. 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणून नाक मुरडण्याचे दिवस आता गेले पाहिजेत.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा धाकटा असेल, आणि आपण शिकलेले म्हणून घरचे आपल्यालाच विचारतील. तेव्हा घाईने निवाडा देऊ नका. खेळ आणि अवधान यांचा संबंध आहे, पण तो एकेरी नाही. चक्र असल्यामुळेच ते कोणत्याही बाजूने सोडवायला घेता येते, आणि शिव्यांनी व माराने ते सुटत नाही.

कारखान्याचा पट्टा पडायला अजून महिनाभर अवकाश आहे. अण्णा आले की मी त्यांना सांगणार आहे : "अण्णा, मोबाइलमध्ये त्याचं लक्ष लागत नव्हतं, ते ओढलं जात होतं. पुस्तकात ते त्याला स्वतः न्यावं लागतं आणि ते तो आता शिकतोय. त्याला अजून एक वर्ष द्या." अण्णा काय म्हणतील ते आज मला सांगता येत नाही. पण भावाची ती रेघांची वही मी त्यांच्यापुढे ठेवणार आहे. अण्णांना वाचता येत नसले, तरी रेघा मोजता येतात.